जखमेवर पाला बांधण्याविषयी

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात आम्ही एका फडावर गेलो असता टोळीतील एका तरुण बाईच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी कोयत्याचा घाव बसला. रक्त बरेच वाहू लागले. तिच्या सासूने धावत जाऊन बांधावरचा मूठभर दगडी पाला ओरबाडून आणला, तो तोंडात घालून चावला, आणि तो लगदा घावात भरून वर लुगड्याची चिंधी आवळून बांधली. थोड्याच वेळात रक्त थांबले. मग ती म्हातारी आमच्याकडे वळून म्हणाली, "पाळकसाहेब, दवाखाना हाय पाच कोसांवर, आन् पाला हाय पायापाशी. देवानं उगीच ठिवलाय व्हय?"

तिला आम्ही त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. रक्त थांबले होते ही गोष्ट खरी, आणि पाला चावून लावला होता हीही गोष्ट खरी. पुढे आमच्या मनात आले की, हा प्रश्न एकट्या त्या म्हातारीचा नव्हे. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत कोणास कापले, भाजले, काटा मोडला, की पहिली हाक उपदेशकास जाते, डॉक्टर मागाहून. अशा वेळी उपदेशकाने काय सांगावे? काही शिकलेले लोक झाडपाला म्हटला की नाक मुरडतात. दुसरे कित्येक म्हणतात की, पाल्यात रसायन नाही, म्हणून अपायही नाही. आमच्या मते ह्या दोघांनीही जखमेकडे पाहिलेलेच नसते.

झाडपाल्याचा उपयोग करणे शास्त्राच्या विरुद्ध नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगणारा मनुष्य यशया संदेष्टाच होता. शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या मनुष्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. ही दोन्ही झाडांचीच देणगी होय. परंतु ह्या दुसऱ्या गोष्टीवर बोलताना आपण तेल आणि द्राक्षारस येथेच फार वेळ थांबतो. शोमरोन्याने पुढे त्या मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, तेथे त्याची काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी खर्चास पैसे देऊन परत येण्याचे कबूल केले. पट्टी बांधण्यास त्याला फार तर घटकाभर लागली असेल. बाकीचे काम मोठे होते. हा मुद्दा आम्हांस पुढे लागणार आहे.

जखम भरते कशी हे प्रथम समजून घेऊ, म्हणजे पाल्याकडून काय मागावे आणि काय मागू नये हे कळेल. कापल्याबरोबर शरीर आधी रक्त गोठवून वाट बंद करते. मग काही दिवस ती जागा सुजते, लाल व ऊन होते. ह्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमून जंतू व मेलेले मांस खाऊन साफ करतात. त्यानंतर तळापासून लाल दाणेदार नवे मांस वर येऊ लागते, आणि शेवटी कडांकडून कातडी सरकत येऊन वरून झाकण घालते. कातडीने झाकल्यावरही आतले काम महिनोन्‌महिने चालू राहते. आणि सर्व झाल्यावरही वणाची जागा मूळच्या कातडीइतकी बळकट होत नाही, सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. हे सर्व काम शरीर करते. कोणतेही पान, मलम किंवा तेल मांस भरीत नाही. बाहेरचे औषध एवढेच करू शकते की, रक्त थांबण्यास साहाय्य करावे, जंतूंस आवर घालावा, सूज बेताची ठेवावी, जखमेचा ओलावा राखावा. आणि वाईट औषध ह्या चारांपैकी प्रत्येक काम बिघडवू शकते.

आता त्या दगडी पाल्याविषयी. ह्यास एकदांडी, कंबरमोडी अशीही नावे आहेत, आणि कित्येक ठिकाणी त्यास सरळ जखमजोडीच म्हणतात. पाने खरखरीत व करवतीसारख्या कडांची. लांब सरळ दांड्यावर एकच लहान फूल, मधोमध पिवळे आणि भोवती पांढरट पाकळ्या. रस्त्याच्या कडेला, पडीत जमिनीत, देवळाच्या भिंतीच्या फटीतही हे रोपटे उगवते. ह्याची मौज अशी की, ते मूळचे आपल्या देशचे नव्हेच. त्याचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात, मेक्सिकोच्या बाजूला. तेथून ते जगभर पसरले. अर्थात चरक-सुश्रुतांस ते ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणजे ते आपल्याकडे आल्यानंतर गुराख्यांनी, शेतमजुरांनी आणि बायकांनी स्वतः लावून पाहून त्याचा गुण ओळखला. ज्यांस कोणी शाळेत बसू दिले नाही अशा लोकांनी केलेली ही परीक्षा आहे, आणि आम्हांस तिचे मोठे कौतुक वाटते. पुढे १९८० नंतरच्या दशकात भारतातील संशोधकांनी ह्या पाल्याचा अर्क काढून उंदरांवर प्रयोग केले. जखम भरण्यास अडथळा करणारे स्टेरॉइड औषध ज्या उंदरांस दिले होते, त्यांच्या जखमांतील तो अडथळा ह्या अर्काने काही अंशी दूर झाला. तेव्हा म्हातारीचा अनुभव केवळ भ्रम नव्हता.

परंतु प्रयोगशाळेतील अर्क आणि फडावरचा लगदा ह्यांत अंतर आहे. तेथे पाने धुऊन, वाळवून, अर्क गाळून, मोजून लावतात; उंदराची जखमही स्वच्छ हत्याराने केलेली असते. येथे बांधावरची माती, गुरांचे मलमूत्र आणि चावणाऱ्याच्या तोंडातील जंतू एकत्र होऊन घावाच्या तळाशी जातात. माणसाच्या तोंडात जंतूंच्या शेकडो जाती असतात. माणूस चावल्याची जखम किती लवकर चिघळते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नको. मग रक्त कशाने थांबले? पाल्याने काही काम केले असेल; पण आवळलेल्या चिंधीने त्याहून अधिक केले असे आमचे मत आहे. स्वच्छ फडक्याची घडी घावावर ठेवून, मध्ये उचलून न पाहता, दहा मिनिटे घट्ट दाबून धरली, तर बहुतेक घावांचे रक्त पाल्याशिवायही थांबते.

हळदीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे असे आपण समजतो, पण ती पुष्कळदा अर्धीच सांगितली जाते. अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, हळद लावून जखम बरी करण्याच्या रीतीवर पेटंट देण्यात आले. पेटंट म्हणजे नव्या शोधावरील हक्कपत्र. आपल्याकडील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, १९९६ साली त्यास हरकत घेतली. बत्तीस लेख व ग्रंथ पुरावा म्हणून पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यकांच्या एका नियतकालिकात आलेला लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ह्याचा आनंद आम्हांसही आहे. गरिबाच्या घरातील डबीवर परक्याने कुलूप घालू नये, हे न्याय्यच झाले. परंतु त्या निकालाचा अर्थ नीट समजावा. हळदीने जखम हमखास बरी होते असे त्या निकालाने ठरविले नाही. हा उपयोग नवा नाही, पूर्वीपासून ठाऊक आहे, एवढेच ठरविले. जुने असणे वेगळे, आणि सिद्ध असणे वेगळे. आम्ही एकदा व्यासपीठावरून ही गोष्ट हळदीच्या गुणाचा पुरावा म्हणून सांगितली होती. तेव्हा ही दुरुस्ती आमचीच आहे.

हळदीत कर्क्युमिन नावाचे पिवळे द्रव्य असते. प्रयोगशाळेत ते सूज कमी करते आणि काही जंतूंस आवर घालते, हे पुष्कळदा दिसून आले आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून कोरडी पूड जखमेवर टाकली की त्याचा थोडाच अंश कामी येतो. शिवाय बाजारातील पूड खाण्यासाठी केलेली असते, जखमेसाठी नव्हे. मसाल्याच्या पुडींत मातीतील जंतूंची बीजे सहज सापडतात. फोडणीत आणि उकळीत ती बाधत नाहीत, पण उघड्या मांसात त्यांस मोकळे रान मिळते. ह्याहून वाईट म्हणजे, पिवळा रंग खुलावा म्हणून काही लबाड व्यापारी हळदीस लेड क्रोमेट नावाचा शिसे असलेला रंग चोपडतात. भारतात व बांगलादेशात असे प्रकार उघडकीस आले आहेत. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन चांगल्या हळदीची ओळख पटवते; गावच्या दुकानातील उघड्या पोत्याची हमी देत नाही. धुतलेल्या लहानशा खरचटण्यावर चिमूटभर हळद लावली तर आम्ही कोणास रागे भरणार नाही. खोल घावात मूठभर पूड कोंबणे मात्र सर्वथा अयोग्य. तिचा चिखल होऊन वाळतो, आणि त्या खपलीखाली पू साचतो.

येथे धनुर्वाताविषयी बोलणे प्राप्त आहे. ह्या रोगाच्या जंतूंची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. ती इतकी चिवट की थोडा वेळ उकळूनही मरत नाहीत. उघड्या हवेत ती निपचित राहतात. खोल, बुजलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत ती जागी होतात. म्हणूनच खिळा रुतलेली लहानशी जखम वरून सालपटलेल्या मोठ्या जखमेपेक्षा अधिक भयंकर असते, आणि म्हणूनच ती पाल्याने, मातीने, राखेने किंवा शेणाने बुजवून टाकणे म्हणजे बीजास वाफा तयार करून देणे होय. जखम झाल्यापासून बहुधा आठ-दहा दिवसांनी, कधी तीन दिवसांत तर कधी तीन आठवड्यांनी, जबडा आवळू लागतो. तोपर्यंत वरची जखम भरूनही गेलेली असते, आणि लोक म्हणतात की, पाल्याने जखम तर बरी झाली होती, मग हे दुसरेच काही आले. पूर्वी बाळाच्या नाळेवर शेण किंवा राख लावण्याच्या चालीने किती घरे रिकामी झाली असतील! गर्भार स्त्रियांस लस, स्वच्छ बाळंतपण आणि नाळ कोरडी ठेवणे ह्या तीन गोष्टींच्या योगाने २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. कोणत्याही पाल्यात ही लस नाही.

आता भाजण्याविषयी, कारण चुलीपाशी काम करणाऱ्या आमच्या भगिनींस हा प्रसंग वरचेवर येतो. येथे झाडपाल्याच्या बाजूने अधिक बोलता येते. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखविले की, ओलसर झाकलेल्या जखमेवर कातडी उघड्या वाळलेल्या जखमेच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने येते. तोपर्यंत जखम वाळली म्हणजे चांगली, असाच समज होता. आपल्या खेड्यांत तो अजून आहे. कोरफडीचा गर, केळीचे पान, मध ह्यांचा भाजल्यावर जो गुण येतो, त्याचे एक मोठे कारण हेच असावे की, ते जखमेस वाळू देत नाहीत आणि पट्टी मांसाला चिकटू देत नाहीत.

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक इस्पितळात डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानांच्या निर्जंतुक पट्ट्या करून भाजलेल्या रोग्यांवर वापरल्या, आणि २००३ साली त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. पट्टी काढताना वेदना फार कमी, आणि खर्च नाममात्र. ज्यांनी भाजलेल्या लेकराची चिकटलेली पट्टी सोडविताना त्याचा आक्रोश ऐकला आहे, त्यांस ह्या एका वाक्याचे मोल कळेल. त्याआधी १९८५ साली मुंबईतच उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांचाही असाच प्रयोग झाला होता. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ भाजलेल्या रोग्यांपैकी निम्म्यांस मध लावला व निम्म्यांस त्या काळचे प्रचलित मलम. मध लावलेले लवकर बरे झाले. मध म्हणजे फुलांचाच रस, मधमाशीने आटविलेला. पुढे अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली. तिच्यात काही प्रयोगांची रीत सदोष ठरली. तथापि वरवर भाजलेल्या जखमा मधाने काही दिवस आधी भरतात, हा निष्कर्ष टिकला. वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ही सर्व कामे इस्पितळात, निर्जंतुक केलेल्या वस्तूंनी आणि वैद्यांच्या नजरेखाली झाली. परसातील केळीचे पान तोडून तसेच बांधणे ही निराळी गोष्ट होय.

कोरफडीविषयी दोन सूचना. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा कडू चीक निघतो तो औषधी गर नव्हे. तो कातडीची आग करतो, म्हणून पान उभे धरून तो गळू द्यावा, धुऊन काढावा, आणि मधला काचेसारखा स्वच्छ गर तेवढा घ्यावा. दुसरी सूचना अशी की, जे औषध एका जखमेस चांगले ते दुसरीस वाईट असू शकते. वरवर भाजलेल्या जागी कोरफडीने लवकर गुण येतो असे दिसून आले आहे. परंतु १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या खोल जखमांवर कोरफडीचे मलम लावले, तेव्हा त्या भरण्यास सरासरी ८३ दिवस लागले. मलमाशिवाय ५३ दिवसांतच भरल्या होत्या. हे ऐकून आम्हांसही आश्चर्य वाटले.

आणि भाजल्यावर कोणताही गर लावण्याच्या आधी पाणी! वाहते, साधे, गार पाणी वीस मिनिटे. बर्फ नको, शाई नको, दंतमंजन नको. पहिल्या वीस मिनिटांत पाणी जे काम करते ते मागाहून कोणतेही पान करू शकत नाही.

सालींच्या काढ्याविषयीही थोडे सांगतो. वड, पिंपळ, उंबर वगैरे पाच झाडांच्या सालींचा काढा, ज्यास वैद्य पंचवल्कल म्हणतात, त्याने जखम धुण्याची रीत जुनी आहे. अशा सालींत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. कात आणि बाभळीची साल ह्यांत तेच. ते मांस आकुंचित करते व वर पातळ पापुद्रा धरते. उकळून गाळलेल्या काढ्याने जखम धुण्यात आम्हांस दोष दिसत नाही. निदान पाणी तरी उकळले जाते. पण हेच टॅनिन शुद्ध व तीव्र करून वापरले तेव्हा काय झाले ते ऐका. १९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे डेव्हिडसन नावाच्या शस्त्रवैद्याने भाजलेल्या रोग्यांवर टॅनिक ॲसिड वापरण्याची रीत सुरू केली, आणि ती जगभर मान्य झाली. पंधरा-सतरा वर्षे ती चालली. मग १९४० नंतर आढळून आले की, उघड्या मांसातून ते द्रव्य रक्तात शिरते व यकृत नासविते. रीत सोडून द्यावी लागली. झाडाचे आहे म्हणून निरुपद्रवी, असे म्हणणाऱ्यांस आम्ही हीच गोष्ट सांगतो.

आपल्याकडे ह्यासाठी डेट्रॉइटला जाण्याचीही गरज नाही. बिब्बा उतल्याची अंगे कोणी पाहिली नाहीत? पायाच्या भेगांत किंवा काटा मोडलेल्या जागी बिब्ब्याचे तेल घालतात, आणि काटा राहतो बाजूस, फोडांनीच माणूस खाटेस खिळतो. रुईचा चीक काट्यावर लावताना बोटावर राहिला व तेच बोट डोळ्यास लागले, तर बुबुळास इजा होऊन दृष्टी अंधुक होते. कच्चा लसूण ठेचून कातडीवर बांधून ठेवला तर तो भाजल्यासारखे फोड आणतो. ह्या तिन्ही वस्तू झाडांच्याच आहेत.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची एक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या पायात चपलेतून खिळा गेला. तळव्यास लहानसे भोक पडले. त्यांनी विचारले, आणि आम्ही मोठ्या खात्रीने सांगितले की, कडुनिंबाच्या पाल्याच्या उकळलेल्या पाण्याने धुवा व तोच पाला वाटून बांधा. कडुनिंबाचा जंतुनाशक गुण सर्वश्रुत आहे, म्हणून आम्हांस काही वावगे वाटले नाही. दर रविवारी आम्ही विचारीत असू, "बाबा, पाय कसा आहे?" ते म्हणत, "काही दुखत नाही, पाळकसाहेब." आम्ही देवाचे आभार मानीत असू. तिसऱ्या रविवारी ते आले नाहीत. घरी गेलो तो पायाची करंगळी व तिच्या शेजारचे बोट काळे पडलेले, आणि खोलीत दुर्गंधी. त्यांस मधुमेह होता. किती वर्षांपासून, ते त्यांसही ठाऊक नव्हते. दोन बोटे कापावी लागली. त्यांनी आम्हांस कधीही बोल लावला नाही, आणि तेच आम्हांस अधिक जड जाते.

दुखत नाही हे आम्ही चांगले लक्षण समजलो. वास्तविक तेच सर्वांत वाईट लक्षण होते. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्ताचा पुरवठा घटतो. रक्त पोहोचत नाही तेथे शरीर मांस भरू शकत नाही, आणि जे शरीर करू शकत नाही ते कडुनिंब कोठून करणार? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि तो आता केवळ शहरच्या श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. चाळिशीनंतरच्या कोणाच्या पायास जखम झाली की, औषधाचा विचार करण्याआधी रक्तातील साखर पाहावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तपासता येते.

महारोग्यांच्या सेवेत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांस हे नवे नाही. एके काळी त्या रोगावर कडू कवठीचे तेल हीच आशा होती. ते अंगास चोळीत, पाजीत, पुढे टोचूनही देत. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन जातीची औषधे आली आणि तेलाचे दिवस सरले; १९८२ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती चालू झाली, ती आज सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. तथापि रोगाचे जंतू मेले तरी पायांतील बधिरपणा राहतो, आणि तळव्याची जखम पुन्हा पुन्हा होते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, ह्या जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होत नाहीत, तर न कळता पायावर पडणाऱ्या भारामुळे व इजेमुळे होतात. त्यांनी पायास प्लास्टर घालून भार थांबविला, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा भरल्या. अशा जखमेस पाला नको, विश्रांती आणि योग्य पादत्राण पाहिजे.

तर मग उपदेशकाने हाक आल्यावर काय करावे? प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. थांबल्यावर जखम पिण्यायोग्य पाण्याने, भरपूर ओतून, माती व कचरा निघेपर्यंत धुवावी; त्यासाठी औषधी पाणीच पाहिजे असे नाही. पण धुताना जोराची धार पुन्हा लागली तर धुणे सोडून दाबावे व वाहन बोलवावे. मग धुतलेल्या, उन्हात वाळविलेल्या सुती फडक्याने झाकावे. दुसरे काहीच हाताशी नसेल आणि दगडी पाला लावावयाचाच असेल, तर तो धुऊन, स्वच्छ दगडावर ठेचून, फडक्याच्या वर बांधावा, घावात भरू नये. चावून तर मुळीच नाही. कुत्रा चावला असेल तर मिरची, चुना, पाला ह्यांतील काहीही न लावता साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे, आणि त्याच दिवशी लस टोचण्यास न्यावे. ह्यात एक रात्रही जाऊ देऊ नये. खोल वा तोंड उघडे राहिलेली जखम, तळव्यातील जखम, सांध्यावरील जखम, शेणामातीने भरलेली जखम, हाताच्या पंजाहून मोठे भाजणे, तोंडावर किंवा हातांवर भाजणे, ताप, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, दुर्गंधी, आणि दोन आठवड्यांत न भरणारी कोणतीही जखम, ही सर्व दवाखान्याची आहेत. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा. आशाताई बहुधा गावातच असतात. त्यांस विचारण्यात उपदेशकाचा मान कमी होत नाही. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली हे प्रत्येकास विचारावे, आणि आठवत नाही असे उत्तर आले तर घेतली नाही असेच समजावे.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घावात पाहावयाची, जी आम्ही त्या दिवशी फडावर पाहिली नाही. जखमेच्या पुढचे बोट हलते काय, आणि त्यास स्पर्श कळतो काय? त्या बाईचे रक्त थांबले, ती दुसऱ्या हाताने मोळ्या बांधू लागली, आणि आम्ही पुढच्या कोपीकडे निघून गेलो. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने बोलाविले, कारण तिला अंगठा वर उचलता येईना. पाल्याखाली शीर तुटली होती. रक्ताची नव्हे, अंगठा उचलणारी. त्याच रात्री मुकादमाच्या गाडीतून तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. परिचारिकेने चिमट्याने पाल्याचे तुकडे एकेक करून काढले. त्यास पाऊण तास लागला. लस टोचली, आणि सकाळी जिल्ह्याच्या इस्पितळात शीर शिवली. सासू दोन्ही दिवस दाराशी बसून होती. तिच्यावर कोणी ओरडू नये म्हणून आम्ही डॉक्टरांस आधीच सांगून ठेवले होते की, फडावर धावून मदत केली ती हिनेच. आम्ही नुसते उभे होतो.

बाईचा अंगठा आता बराचसा उचलतो, पण थंडीत आखडतो. ह्या हंगामात ती टोळीबरोबर आली आहे. म्हातारीने कोपीच्या आढ्याला एक पिशवी टांगली आहे. तीत साबणाची वडी, धुतलेल्या फडक्यांच्या घड्या आणि झाकणाची पाण्याची बाटली आहे. पिशवीत तळाशी थोडा दगडी पालाही आम्हांस दिसला. तो धुतलेला होता.